उजवीकडे जास्त तपकिरी

चकतीकाकांनी आजवर सहा-सात हजार मेंदू कापले असतील, आणि त्यातला एकही माणसाचा नव्हता, याची खंत त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोला जास्त आहे. माणसाचे कापले असते तर तिला आवडलं असतं असं नाही, पण चारचौघांत सांगायला बरं पडलं असतं. "आमचे हे मेंदूवर काम करतात," एवढं सांगून ती थांबायची. पुढे कुणी "कुणाच्या?" असं विचारलंच, तर गॅसवर दूध ठेवलंय म्हणून उठून आत जायची. दूध कधीही नसायचं.

कुणाच्या, तर पांढऱ्या उंदरांच्या. एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर काकांची खोली आहे. दोन खिडक्या, त्यातली एक उघडत नाही आणि दुसरी लागत नाही. मध्ये टेबल, टेबलावर कापायचं यंत्र, आणि यंत्रापुढे एक उंच स्टूल. त्या स्टुलावर बसून बसून काकांच्या पाठीला जो बाक आलाय तो आता सुट्टीच्या दिवशीही जात नाही. उंदराचा मेंदू सोललेल्या बदामापेक्षा थोडा मोठा. तो एका पितळी ठोकळ्यावर उभा ठेवायचा, नाकाकडची बाजू वर, आणि कोरड्या बर्फाने तिथेच गोठवायचा. ठोकळा यंत्रात आवळायचा आणि वरून पातं फिरवायचं. एका मिलीमीटरच्या पंचवीस चकत्या निघतात. पात्यावर गोळा झालेली चकती चित्रकाराच्या बारीक कुंचल्याने उचलून खारट पाण्यात सोडायची, तिथे ती आपोआप उलगडते. शिंक आली तर आधी कुंचला खाली ठेवायचा, मग शिंकायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला काका हे सांगत, आणि नवीन येणारा प्रत्येक जण एकदा तरी शिंकून चकती घालवतच असे.

हे सगळं कशासाठी, तर नकाशासाठी. डोपामिन हा शब्द हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. फोन बघितला की डोपामिन, गोड खाल्लं की डोपामिन, शेजाऱ्याची गाडी ठोकली गेली की जरा जास्त डोपामिन. पण एका पेशीने दुसरीला निरोप दिला की मध्ये सांडलेलं हे डोपामिन गोळा करून परत आत नेणारं एक प्रथिन असतं, त्याचं नाव कुणी घेत नाही. भाषण संपल्यावर खुर्च्या उचलणाऱ्याचं कोण घेतं? हे खुर्च्या उचलणारं प्रथिन उंदराच्या मेंदूत कुठे कुठे आहे आणि किती आहे, याचा नकाशा करायचा, हे सरांच्या, म्हणजे काकांच्या साहेबांच्या, प्रयोगशाळेचं काम. चकत्यांना रंग दिला की जिथे ते प्रथिन असेल तिथे तपकिरी चढतो. जास्त प्रथिन, जास्त तपकिरी. मेंदूच्या पुढच्या भागात मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे तपकिरी डाग दिसतात आणि बाकीचा मेंदू फिकट राहतो. काकांना तो रंग मनापासून आवडायचा. बायकोने एकदा साडी घेताना विचारलं तेव्हा त्यांनी त्याच रंगाची निवडली होती. का निवडली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तेच शहाणपणाचं झालं.

अशा अठ्ठावीस वर्षांत या चकत्यांवर सरांचे आणि सरांच्या आधीच्या सरांचे मिळून साठ-सत्तर निबंध छापून आले. काकांचं नाव एकाही निबंधावर नव्हतं. शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरांत आभार असत, त्यात "तांत्रिक साहाय्याबद्दल" असं म्हणून कधी काकांचे आभार मानलेले असत, कधी नसत. यंत्र विकणाऱ्या कंपनीचे मात्र न चुकता मानलेले असत.

काकांना त्याचं काही वाटत नसे, असं ते म्हणत. बायकोला वाटे, कारण तिला दादा होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, पालिकेतून निवृत्त झालेला. त्याची गल्लीतल्या दिव्यांबद्दल, उघड्या गटारांबद्दल आणि मोकाट कुत्र्यांबद्दलची पत्रं वर्तमानपत्रात छापून येत. एकूण एकोणीस आली होती. प्रत्येकाखाली त्याचं पूर्ण नाव होतं आणि प्रत्येक पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून फायलीत लावलेलं होतं. दर रविवारी तो बहिणीकडे यायचा, खुर्चीत बसायचा आणि काकांना विचारायचा, "काय मग, उंदीर काय म्हणतात?" अठ्ठावीस वर्षं हाच एक विनोद. काका अठ्ठावीस वर्षं हसत आले होते, कारण कुणी हसल्याशिवाय बायकोचा भाऊ चहाला हात लावत नसे.

आता यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यानेच केलं. म्हणजे काकांनीच केलं, पण यंत्राच्या साक्षीने.

जुनं यंत्र काकांच्याही आधीपासून त्या खोलीत होतं. त्यात ठोकळा जिथे बसतो ती जागा डावीकडून झिजलेली होती. ठोकळा आवळला की डावीकडे खचायचा. दुरुस्तीसाठी काकांनी चार अर्ज केले. चारही अर्जांची पोच मिळाली, म्हणजे संस्थेच्या हिशेबाने दुरुस्ती झाली. मग काकांनी आपल्या जुन्या ओळखपत्राची प्लास्टिकची एक पट्टी कापली आणि ठोकळ्याच्या डाव्या कडेखाली सरकवली. ठोकळा सरळ. त्यानंतर रोज सकाळी आधी पट्टी, मग ठोकळा, मग मेंदू. हे काकांनी कुणाला सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे, कुणी विचारलंच नाही म्हणून.

दोन वर्षांपूर्वी नवं यंत्र आलं. त्याच्याबरोबर चकत्यांचे फोटो काढणारं दुसरं यंत्र आलं, आणि ते फोटो वाचणारा संगणक आला. पूर्वी काका प्रत्येक मेंदूच्या निदान दहा चकत्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघायचे. आता सरांनी सांगितलं, "काका, आता बघत बसायचं नाही. तुम्ही कापा, रंगवा, काचेवर चढवा आणि मशीनला द्या. संगणक चकती आपला आपण नकाशावर सरळ बसवून घेतो." काकांच्या जिवाला ते लागलं, पण त्यांनी दुर्बिणीवर झाकण घातलं. नव्या यंत्राचा इंजिनीअर ठोकळा बसवून, सही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ड्रॉवर उघडला, पट्टी काढली आणि नव्या ठोकळ्याच्या डाव्या कडेखाली सरकवली. इतकी वर्षं जे बोटांनी केलं ते बोटांनी केलं. ठोकळा चांगला घट्ट बसला. काकांना वाटलं, काहीही म्हणा, नवं यंत्र पकडीला चांगलं आहे.

त्याच सुमाराला थिसिसवाली आली. पीएचडी करायला आलेली मुलगी, सडसडीत, बोलायला फटकळ, केसांत नेहमी पेन खोचलेलं. तिच्या प्रबंधाचा विषय हाच: हे प्रथिन उंदराच्या मेंदूत डावीकडे किती आणि उजवीकडे किती. तिने चाळीस उंदरांचे मेंदू आणले, काकांनी कापले, संगणकाने मोजले. निकाल आला. उजवीकडे जास्त. एकदोन उंदरांत नव्हे, चाळीसच्या चाळीस उंदरांत उजवी बाजू डावीपेक्षा जास्त तपकिरी.

सरांनी तो आलेख पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते कुठल्याही प्रथिनाला आवरलं नसतं. सर तसे सज्जन. पन्नाशीचे, नीटनेटके, पंधरा वर्षं या नकाशातली गल्लीबोळं भरत बसलेले. त्यांच्या बरोबरीची माणसं संचालक झाली होती आणि सर अजून मीटिंगमध्ये कडेच्या खुर्चीवर बसत होते. आता त्यांच्या हाती राजरस्ता लागला होता. "चाळीसात चाळीस!" ते म्हणाले. "इतकं स्वच्छ काही निसर्गात कधी बघितलंय का?" नाही, कुणीच बघितलं नव्हतं. खरं म्हणजे तिथेच कुणाला तरी शंका यायला हवी होती. पण आनंदात असलेल्या शास्त्रज्ञाला शंका येत नाही, ती नंतर दुसऱ्याचे निबंध वाचताना येते.

निबंध लिहून झाला. नावं पाच. पहिलं थिसिसवालीचं, दुसरं संगणकवाल्याचं, तिसरं ज्यांनी त्यांचा फ्रीझर दोन महिने वापरायला दिला त्या प्रोफेसरांचं, शेवटचं सरांचं. आणि चौथं काकांचं. थिसिसवालीने हट्ट धरला होता. "चाळीस मेंदू त्यांनी कापलेत, सर. फ्रीझरने तर एकही कापलेला नाही." सरांचा दिवस चांगला होता, ते हो म्हणाले.

निबंध मोठ्या नियतकालिकात आला. काकांनी छापील पान घरी नेलं. बायकोने हात पुसून ते घेतलं, नाव शोधलं, त्यावर एकदा बोट फिरवलं आणि मग शेजारच्या तीन बिऱ्हाडांत जाऊन आली. रविवारी दादा आला. त्याने खिशातून भिंग काढलं. एरवी औषधांच्या पट्ट्या वाचायला वापरायचा ते. नाव सापडल्यावर तो म्हणाला, "चौथं आहे."

"पाचांत चौथं," बायको म्हणाली. "आणि जगभर जातं हे. तुझी कुत्री गल्लीबाहेर गेली नाहीत कधी."

त्या रविवारी उंदीर काय म्हणतात हे दादाने विचारलं नाही. काकांनी नजर वर करून चहा प्यायला. असा चहा आपण या घरात पूर्वी कधी प्यायलो नव्हतो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

संस्थेत तर नुसती धमाल उडाली. संचालकांनी भाषणात सांगितलं की उजवी बाजू अधिक आनंदी असते हे आपल्या संस्थेने सिद्ध केलं. निबंधात असं एक अक्षरही नव्हतं, पण संचालक निबंध वाचत नसत. सर मीटिंगमध्ये मधल्या खुर्चीवर आले. थिसिसवालीला परदेशातल्या एका बड्या प्रयोगशाळेने जागा देऊ केली, प्रबंध सादर झाला की यायचं. आणि प्रवेशद्वारापाशी भिंतीवर चकतीचं सहा फुटी चित्र लावायचं ठरलं. सरांनी काकांना सांगितलं, "त्यातली सगळ्यात देखणी चकती तुम्ही निवडा. तुमच्याएवढी नजर कुणाची आहे?"

सोमवारी सकाळी काकांनी दुर्बिणीवरचं झाकण काढलं. दोन वर्षांची धूळ होती, ती फुंकली. काचा लावल्या. पहिली चकती, दुसरी, तिसरी. रंग सुरेख चढला होता. चौथ्या चकतीला त्यांचा हात थांबला.

मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा एक पांढरा पूल असतो. पुढून मागे कापत आलं की आधी दोन्ही बाजूंना त्याचा एकेक गोल ठिपका दिसतो, आणि थोडं मागे गेलं की ते ठिपके लांबट होऊन मध्यावर जुळतात. दोन्ही बाजूंना एकाच वेळी, सरळ कापलं असेल तर. या चकतीत डावीकडून पूल निघून मध्यापर्यंत आला होता आणि उजवीकडे अजून नुसता ठिपका होता.

काकांनी डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग दुसऱ्या उंदराची काच घेतली. तसंच. तिसऱ्याची. तसंच. काकडी तिरकी कापली की एकाच चकतीची एक कड देठाजवळची येते आणि दुसरी पोटातली, तसं झालं होतं. डावी बाजू मागची, उजवी बाजू पुढची. आणि ते प्रथिन पुढे दाट, मागे विरळ असतं, हे अठ्ठावीस वर्षं काकांनीच तर रंगवून दाखवलं होतं. उजवीकडे जास्त काही नव्हतंच. उजवीकडचं पुढचं होतं, एवढंच. संगणकाने प्रत्येक चकती नकाशावर ओढूनताणून सरळ बसवली होती, ते त्याचं कामच होतं, आणि पूल बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ते यंत्रापाशी गेले. ठोकळ्याखालून पट्टी काढली. नव्या यंत्राची जागा कुठेही झिजलेली नव्हती, आरशासारखी सपाट होती. पट्टी फार तर पाऊण मिलीमीटर जाडीची. काका तिच्याकडे बघत स्टुलावर बसून राहिले.

आता इथे एखाद्याला वाटेल की थोर माणसासारखे ते तडक उठून सरांकडे गेले. छे. त्या दिवशी त्यांनी पट्टी ड्रॉवरच्या तळाशी घातली, दुर्बिणीवर झाकण टाकलं आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेले. घरी बायकोने छापील पान काचेत बसवून भिंतीवर लावलेलं होतं. मंगळवारी त्यांनी स्वतःला समजावलं की उंदीरच ते, त्यांना डावं-उजवं काय. बुधवारी समजावलं की पट्टी काढलीच आहे, इथून पुढे सगळं सरळ येईल, मागचं कोण बघतंय? आणि खरंच कुणी बघत नव्हतं. हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

बुधवारी दुपारी त्यांनी फ्रीझर उघडला. काका प्रत्येक प्रयोगाचे पाच-सहा मेंदू न कापता बाजूला ठेवत, अडीअडचणीला असावेत म्हणून. त्यातला एक काढून पट्टीशिवाय कापला, रंगवला, आणि गुरुवारी सकाळी दुर्बिणीखाली धरला. पूल दोन्हीकडून येऊन मध्यावर जुळलेला. दोन्हीकडे सारखंच तपकिरी.

त्यांनी आधी थिसिसवालीला बोलावलं. सरांच्या आधी तिला सांगायला हवं, एवढं त्यांना कळत होतं, कारण बुडणार होती ती तिची दोन वर्षं. तिला स्टुलावर बसवलं, आधी जुनी काच दाखवली, मग नवी, मग पट्टी. तिने पुन्हा जुनी काच लावून पाहिली.

"तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं, काका?"

"कुणालाच नाही."

"माझी जागा जाईल. ते थांबणार नाहीत माझ्यासाठी."

"हो गं."

"मग का सांगितलंत?"

काकांना काहीतरी भारदस्त सुचायला हवं होतं. "अगं, उजवीकडे पूल लागलाच नव्हता," ते म्हणाले. "दिसलं ना एकदा."

तिने पट्टी टेबलावर आपटली. "दोन वर्षं! एका पट्टीपायी!" असं म्हणाली आणि दार उघडंच टाकून निघून गेली. काकांना रडू आलं. ते तसेच रडले, मग उठून दार लावलं आणि सरांकडे गेले.

सर आधी हसले. मग हसायचे थांबले. मग उठून त्यांनीही दार लावलं.

"हे कधी लक्षात आलं तुमच्या?"

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे."

"धीर होत नव्हता, सर."

"काका, निबंध छापून झालाय. आत्तापर्यंत सात जणांनी त्याचा आधार घेतलाय."

"मग त्या सातांनाही कळवावं लागेल."

सरांनी कपाळाला हात लावला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचंसुद्धा नाव आहे त्यात. लक्षात आहे ना?"

"चौथं आहे, सर."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्या इमारतीचे एसी होते. त्या दहा मिनिटांत सरांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते सांगायला नको, आपल्याही मनात तेच आलं असतं. शेवटी ते म्हणाले, "फ्रीझरमध्ये किती उरलेत?" काका म्हणाले, पाच. "कापा," सर म्हणाले. त्यांचं एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, कारण नंतर त्यांनी फारसं मिळवलं नाही.

पाचही मेंदू सरळ कापले. पाचहीत डावं-उजवं सारखं. निबंध मागे घ्यायचा ठरला आणि का घेतोय ते नियतकालिकात छापायचं ठरलं. सरांनी पहिला मसुदा केला: "काही तांत्रिक कारणांमुळे." संपादकांनी विचारलं, कोणती? सरांनी दुसरा केला: "तंत्रज्ञाच्या चुकीमुळे." यावर पाचही जणांच्या सह्या लागत होत्या. संगणकवाल्याने केली. फ्रीझरवाल्या प्रोफेसरांनी तर वाचायच्या आधीच केली.

थिसिसवाली आठवडाभर काकांशी बोललेली नव्हती, समोर आली तरी जिना बदलायची. ती मसुदा हातात घेऊन सरांच्या खोलीत आली. काकाही सहीसाठी तिथेच उभे होते. "मी सही करणार नाही," ती म्हणाली. "चुकलं कुणाचं ते लिहिलंय, सांगितलं कुणी ते कुठाय? आणि आपण चौघांनी दोन वर्षांत एकदाही दुर्बिणीला डोळा लावला नाही, ते कुठाय?"

"सगळंच काही लिहिता येत नाही," सर म्हणाले.

"निदान पहिलं तरी लिहा."

सर काकांकडे वळले. "तुमचं काय म्हणणं आहे? नुसतं 'तंत्रज्ञ' लिहितो, तुमचं नाव घालत नाही. तुमच्या भल्यासाठीच."

काका म्हणाले, "नाव घाला, सर. या इमारतीत तंत्रज्ञ आम्ही तिघं आहोत. बाकीच्या दोघांवर उगाच यायचं."

दुसऱ्या दिवशी थिसिसवाली तळमजल्यावर आली, स्टूल ओढलं आणि दुर्बिणीशी बसली. "काय काय बघायचं असतं ते सांगा," ती म्हणाली. "सगळं. पहिल्यापासून." परदेशातली जागा गेलीच होती. प्रबंध आणखी दीड वर्ष लांबला. चाळीस नवे मेंदू कापायचे होते, आणि यावेळी निम्मे तिने कापले. पहिल्याच दिवशी ती शिंकली.

सर परत कडेच्या खुर्चीवर गेले. भिंतीवरच्या सहा फुटी जागेत संचालकांचा फीत कापतानाचा फोटो लागला. तो सरळ कापला आहे.

खुलासा छापून आला तो शनिवारी. काकांना वाटलं होतं, घरी सांगूच नये. पण दुसऱ्या दिवशी रविवार. दादाला अशा गोष्टी वासावर कळत, आणि त्याच्या तोंडून बायकोला कळलेलं काकांना सहन झालं नसतं. त्यांनी पान खिशातून काढलं आणि कपड्यांच्या घड्या करत बसलेल्या बायकोपुढे ठेवलं. सगळं सांगितलं. पट्टी, ठोकळा, पूल, त्या मुलीची गेलेली जागा. सांगताना दोनदा पाणी प्यायले.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग पान उचललं. चारच ओळी होत्या: चकत्या कापताना ठोकळा तिरका बसल्याने डाव्या-उजव्यातला फरक खोटा आला, ही चूक अमुक यांच्याकडून झाली आणि ती त्यांनी स्वतःच लक्षात आणून दिली. अमुकच्या जागी काकांचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्या चार ओळी वाचायला तिने भिंतीवरचं सबंध पान वाचायला घेतला नसेल एवढा वेळ घेतला.

"साहेबांचं नाव कुठंय यात?"

"नाही."

"त्या संगणकवाल्याचं?"

"नाही."

"फ्रीझरवाल्याचं?"

"अगं, कुणाचंच नाही. माझंच आहे. चूक माझीच होती."

तिने पान घडी न करता बाजूला ठेवलं, त्यावर कपडे पडू नयेत म्हणून जरा लांब. मग उरलेला एक शर्ट घेतला, त्याची घडी केली, आणि काकांकडे न बघता म्हणाली,

"उद्या दादाला मी सांगते. तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगताना मान खाली घालाल."